परक्या सेनापतीच्या हाताखाली आपलं सैन्य: कायदा नेमका कुठे अडवतो?

प्रश्न (कायद्याची विद्यार्थिनी)

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात आमची मूट कोर्ट, म्हणजे अभिरूप न्यायालयाची, स्पर्धा झाली. प्रकरण काल्पनिक होतं. एका देशाच्या सरकारने संसदेला न विचारता आपली बटालियन आंतरराष्ट्रीय फौजेत पाठवली. सुरक्षा परिषदेचा ठराव होता. तिकडे एका नाक्यावर गोळीबार झाला आणि नागरिक मेले. हुकूम परदेशी ब्रिगेडियरचा, बंदूक या देशाच्या जवानाची. मी सरकारी बाजूने उभी होते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम २५ वर बोट ठेवून मी म्हटलं की परिषदेचे निर्णय सदस्य देशांवर बंधनकारक असतात, त्यामुळे सरकारपुढे दुसरा मार्गच नव्हता. पीठावरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "परिषदेने मागितलं की सैन्य द्यावंच लागतं, असं कुठे लिहिलंय? दाखवा." मी पानं उलटत राहिले आणि वेळ संपली.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. परिषद एखाद्या देशाला सैन्य द्यायला खरंच भाग पाडू शकते का? नसेल, तर घरात परवानगी कोणाची लागते, सरकारची की संसदेची? आणि सगळ्यात टोचणारा प्रश्न म्हणजे, जवान परक्या अधिकाऱ्याच्या हाताखाली गेला की घरचा कायदा विमानतळावरच थांबतो का? "कमांड" आणि "कंट्रोल" हे शब्द पुस्तकात वाचले आहेत. ते प्रत्यक्षात कसे चालतात हे असं काम केलेल्या कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

प्रतिसाद (राज्यशास्त्र शिकवणारा)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कलम ४३ मध्ये आहे. सदस्य देश परिषदेला सैन्य पुरवतील, पण "विशेष करारा"नुसार, असं ते कलम म्हणतं. त्याच्याच तिसऱ्या पोटकलमात हेही आहे की हे करार ज्या त्या देशाच्या घटनेनुसार मंजूर व्हावे लागतील. १९४५ पासून आजवर असा एकही करार झालेला नाही. त्यामुळे परिषदेच्या हातात स्वतःचा एकही सैनिक नाही आणि कोणाकडून हक्काने मागून घेण्याची सोयही नाही. बाईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, तर सैन्य द्यावंच लागतं असं कुठेही लिहिलेलं नाही.

ठरावांची भाषाच बघ. १९५० मध्ये कोरियाच्या वेळी परिषदेने सदस्यांना मदतीची "शिफारस" केली. १९९० च्या ठराव ६७८ मध्ये कुवेतच्या बाजूने उभ्या राहिलेल्या देशांना बळ वापरण्याची "मुभा" दिली. ज्याला जायचं आहे त्याच्यासाठी दार उघडलं, इतकंच. ज्याला जायचं नाही त्याला कोणी ओढून नेत नाही. कलम २५ चं बंधन निर्बंध वगैरे लादणाऱ्या निर्णयांना नक्की लागू पडतं. सैन्य देण्याच्या बाबतीत ते कलम ४३ पाशी येऊन थांबतं.

आता घरातली परवानगी. इथे प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. जर्मनीपासून सुरू करतो, कारण तिथला कायदा सर्वांत कडक आहे आणि तो कोर्टाने घडवला. एड्रियाटिक समुद्रातली नाकेबंदी, बोस्नियावरच्या आकाशातली टेहळणी आणि सोमालिया, अशी तीन प्रकरणं संघीय घटना न्यायालयापुढे आली. १२ जुलै १९९४ रोजी न्यायालयाने सांगितलं की संयुक्त राष्ट्रं किंवा नाटोसारख्या सामूहिक सुरक्षेच्या व्यवस्थेत सामील होऊन सैन्य बाहेर पाठवायला मूलभूत कायद्याच्या, म्हणजे जर्मन घटनेच्या, कलम २४ चा आधार आहे. पण सशस्त्र कामगिरी असेल तर बुंडेस्टागची, म्हणजे तिथल्या संसदेची, संमती लागेल, आणि तीही एरवी आधीच. जर्मन सैन्याला "संसदेचं सैन्य" म्हणतात ते तेव्हापासून. २००५ च्या कायद्याने याची पद्धत ठरली. सरकारने जागा, काम, जास्तीत जास्त किती जवान, किती दिवस, किती खर्च हे लिहून द्यायचं. संसदेने हो किंवा नाही म्हणायचं, मधले शब्द बदलायचे नाहीत. दिलेली संमती संसद परतही घेऊ शकते.

फ्रान्समध्ये २००८ च्या घटनादुरुस्तीनंतर सरकारने तीन दिवसांत संसदेला कळवायचं आणि मोहीम चार महिन्यांच्या पुढे गेली तर मंजुरी घ्यायची. नेदरलँड्समध्ये घटनेच्या कलम १०० नुसार आधी माहिती द्यावी लागते, पण मतदान सक्तीचं नाही. आयर्लंडमध्ये तिहेरी कुलूप आलं: संयुक्त राष्ट्रांची मान्यता, सरकारचा निर्णय आणि कनिष्ठ सभागृहाचा होकार. बारापेक्षा जास्त जवान पाठवायचे तर तिन्ही लागत. यातून एक विचित्र प्रसंग उभा राहिला. १९९९ मध्ये मॅसिडोनियातल्या शांतिसेनेची मुदत वाढवायला चीनने नकाराधिकार वापरून आडकाठी केली. २००३ मध्ये तिथे युरोपीय संघाने आपली मोहीम नेली तेव्हा परिषदेची औपचारिक मान्यता नसल्याने आयर्लंडला त्यात जाता आलं नाही. आयरिश सैनिकाने कुठे जायचं हे त्या क्षणी दुसऱ्याच एका देशाच्या मताने ठरलं.

भारतात संसदेची आधी संमती घ्यावीच लागेल असा कायदा नाही. घटनेच्या कलम ५३(२) प्रमाणे सेनादलांची सर्वोच्च हुकमत राष्ट्रपतींकडे, आणि व्यवहारात निर्णय मंत्रिमंडळाचा. १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना गेली ती दोन सरकारांमधल्या करारावर. तरी राजकीय बंधन असतंच. एप्रिल २००३ मध्ये संसदेने इराकवरच्या लष्करी कारवाईविरुद्ध ठराव केला आणि त्याच वर्षी जुलैत सरकारने इराकमध्ये तुकडी पाठवायला नकार देताना संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट जनादेशाचा मुद्दा पुढे ठेवला.

प्रतिसाद (निवृत्त सैन्य विधी अधिकारी)

मुली, तुला "तू" म्हटलं तर चालेल ना? माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे. मी सैन्याच्या विधी शाखेत, जॅग ब्रांचमध्ये, नोकरी केली. त्यातलं एक वर्ष संयुक्त राष्ट्रांच्या एका मोहिमेच्या मुख्यालयात कायदेविषयक सल्लागार म्हणून काढलं. मोहिमेचं, देशांचं, माणसांचं नाव मी घेणार नाही. पण तुझा तिसरा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कमांड आणि कंट्रोल. पूर्ण हुकमत, म्हणजे फुल कमांड, कुठलाही देश दुसऱ्याला देत नाही. देतात ते ऑपरेशनल कंट्रोल, आमच्या बोलण्यात "ऑपकॉन". म्हणजे परदेशी फोर्स कमांडर तुमच्या बटालियनला ठरलेल्या क्षेत्रात, ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या प्रकारचं काम सांगू शकतो. अमुक रस्त्यावर गस्त घाला, त्या पुलाशी नाका लावा. बढती, पगार, रजा, शिक्षा हे त्याच्या हातात नसतं. जवानाने गुन्हा केला तर फोर्स कमांडर त्याला साधी कोठडीची शिक्षाही सुनावू शकत नाही. फार तर "याला घरी पाठवा" अशी शिफारस करतो. खटला चालतो तो जवानाच्या देशातच. यजमान देशाशी करायच्या कराराचा जो नमुना संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये तयार केला, त्यात तुकड्यांमधल्या सैनिकांवरचा फौजदारी अधिकार फक्त त्यांच्या देशाकडे ठेवलेला आहे.

तेव्हा घरचा कायदा विमानतळावर थांबत नाही. तो जवानाच्या खिशातून जातो. भारताच्या आर्मी ॲक्टमध्ये शब्दच आहेत की हा कायदा लागू असलेली माणसं "कुठेही असोत", तो त्यांना लागू राहतो. उलट, परदेशात त्याचा हात जास्त लांब पोचतो. देशात असताना नागरिकाचा खून झाला तर तो सर्वसाधारणपणे मुलकी फौजदारी न्यायालयाचा विषय. कलम ७० प्रमाणे भारताबाहेर मात्र त्यासाठीही कोर्ट मार्शल बसू शकतं.

आता जे पुस्तकात नीट येत नाही ते सांगतो. आमच्या ऑपरेशन्स रूमच्या भिंतीवर एक तक्ता होता. डावीकडे खाली खाली तुकड्यांची नावं. वर आडवी कामं: रात्रीची गस्त, जमाव पांगवणं, नागरिकांना वाचवण्यासाठी गोळीबार, क्षेत्राबाहेर कुमक, कैदी ताब्यात घेणं. चौकोनांत हिरव्या नाहीतर लाल टिकल्या. लाल म्हणजे त्या देशाने "आमचे लोक हे करणार नाहीत" असं आधीच लिहून दिलेलं. याला सगळे "कॅव्हिएट" म्हणतात. मी रुजू झालो तेव्हा माझं लक्ष गेलं ते लाल टिकल्यांकडे नाही. सात-आठ चौकोनांत शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढलेली होती. माझ्या आधीच्या अधिकाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "यांच्या कागदावर मनाई नाही. पण मागच्या वेळी सांगितलं तेव्हा ते गेले नाहीत."

ती प्रश्नचिन्हं माझ्या अजून डोळ्यांसमोर आहेत. एका रात्री अकराच्या सुमाराला एका गावातून मदतीची हाक आली. जवळची तुकडी चाळीस मिनिटांवर होती. तिचा कमांडर चांगला माणूस, भित्रा मुळीच नव्हता. त्याने हुकूम ऐकला, लिहून घेतला आणि म्हणाला, "राजधानीला विचारून सांगतो." राजधानीत अधिकारी झोपलेले. उत्तर आलं ते उजाडल्यावर. त्या गावात नंतर आम्ही गेलो. तिथे काय पाहिलं ते मी इथे लिहीत नाही.

यावर माझं मत ठाम आहे. देशाने मर्यादा घालाव्यात. तो त्याचा हक्क आहे, जवान त्याचे आहेत. पण घालायच्या तर निघण्याआधी घालाव्यात, लेखी घालाव्यात आणि फोर्स कमांडरच्या हातात द्याव्यात. तो मग त्या तुकडीला नदीकाठच्या गावाशेजारी ठेवणारच नाही, दुसरी ठेवेल. लाल टिकली बघून योजना बदलता येते. प्रश्नचिन्हावर कसली योजना करणार?

जुलै २०१६ मध्ये दक्षिण सुदानच्या जुबा शहरात हेच जगाने पाहिलं. लढाई पेटली, मोहिमेच्या तळापासून किलोमीटर-सव्वा किलोमीटरवर असलेल्या टेरेन नावाच्या निवासी आवारावर तिथल्या सरकारी सैनिकांनी हल्ला केला, लोक फोन करत राहिले आणि शांतिसेनेतलं कोणी गेलं नाही. चौकशीत निघालं की चीन, इथिओपिया, नेपाळ आणि भारत अशा चार देशांच्या तुकड्या एका हुकमतीखाली चालल्या नाहीत, त्यांना वेगवेगळे आणि एकमेकांच्या विरुद्ध हुकूम गेले. केनियाच्या फोर्स कमांडरला पदावरून काढलं. रागावून केनियाने आपलं सैन्यच परत बोलावलं. आणि ते बोलावण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता, हेही इथे लक्षात घे.

प्रतिसाद (नेहमीचा वाचक)

माहिती छान आहे, पण माझा या संसदीय संमतीवर विश्वास नाही. सरकारकडे बहुमत असतंच. हात वर करायचे, झालं. खरा निर्णय चार माणसं बंद खोलीत घेतात.

प्रतिसाद (राज्यशास्त्र शिकवणारा)

असं नेहमी होत नाही. १ मार्च २००३ ला तुर्की संसदेत प्रस्ताव होता: इराकसाठी अमेरिकी सैन्याला आपल्या भूमीवर येऊ द्यायचं आणि आपलं सैन्य बाहेर पाठवायचं. सत्ताधारी पक्षाकडे भक्कम बहुमत होतं. मतं पडली २६४ बाजूने, २५० विरोधात, १९ तटस्थ. बाजूची मतं जास्त असूनही प्रस्ताव पडला, कारण हजर सदस्यांचं बहुमत म्हणजे २६७ लागत होतं. तीन मतं कमी पडली आणि अमेरिकेची उत्तरेकडून इराकमध्ये शिरायची आखणी कोलमडली. ब्रिटनमध्ये तर संमती घ्यायलाच पाहिजे असा कायदा नाही, तरी २९ ऑगस्ट २०१३ ला सीरियाच्या प्रश्नावर सरकार २८५ विरुद्ध २७२ ने हरलं आणि मागे आलं.

जर्मनीत नोव्हेंबर २००१ मध्ये अफगाणिस्तानशी जोडलेल्या मोहिमेसाठी ३,९०० जवान द्यायचे होते. आपल्याच आघाडीतले लोक फुटतील म्हणून चान्सलर श्रोडर यांनी तो प्रश्न विश्वासमताला जोडला. ३३६ मतांनी सरकार तरलं, अगदी काठावर. नुसतं हात वर करायचं काम असतं तर चान्सलरांनी खुर्ची पणाला लावली असती का?

एक मान्य करतो. सरकारं कायद्याच्या कडेने चालतात. २००३ मध्ये इराक युद्धाच्या वेळी नाटोची अवॅक्स विमानं तुर्कस्तानवर टेहळणी करत होती. या विमानांत अनेक देशांचे लोक शेजारी शेजारी बसतात, त्यातले जवळजवळ एक तृतीयांश जर्मन. सरकार म्हणालं, ही मित्रदेशाच्या आकाशातली नेहमीची उड्डाणं आहेत, बुंडेस्टागला कशाला विचारायचं? न्यायालयाने निर्णय दिला ७ मे २००८ ला: विचारायला हवं होतं, कारण सैनिक सशस्त्र संघर्षात ओढले जाण्याची ठोस शक्यता दिसत होती. तोवर विमानं उतरून पाच वर्षं झाली होती.

प्रतिसाद (कायद्याची विद्यार्थिनी)

सर, तुम्हा दोघांचेही आभार. त्या शिसपेन्सिलीच्या प्रश्नचिन्हांनी मला रात्री झोप लागली नाही. अजून दोन गोष्टी विचारते. "सशस्त्र संघर्ष" आहे की नाही हे ठरवतं कोण? सरकारने शब्दच बदलला तर? आणि एखाद्या जवानालाच वाटलं की ही तैनाती बेकायदा आहे, तर तो जायला नकार देऊ शकतो का?

प्रतिसाद (राज्यशास्त्र शिकवणारा)

शब्दाचं उदाहरण जपानचं. घटनेतल्या, युद्धाचा त्याग करणाऱ्या कलम ९ मुळे १९९२ च्या शांतिसेना कायद्यात पाच अटी आल्या: युद्धबंदी झालेली असली पाहिजे, संबंधित पक्षांची संमती पाहिजे, तटस्थता पाहिजे, यातलं काही ढासळलं तर परत यायचं आणि हत्यार कमीत कमी वापरायचं. २००४ मध्ये जपानी तुकडी वेगळ्या खास कायद्याखाली इराकमधल्या समावा शहरात गेली. कायदा सांगत होता की काम "लढाई नसलेल्या भागा"तच करायचं. त्यामुळे आसपासच्या सुरक्षेची जबाबदारी आधी डच आणि मग ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन सैन्याकडे होती. जपानी हवाई दल बगदादला माणसं नेत होतं, ते मात्र घटनेविरुद्ध असल्याचं मत नागोया उच्च न्यायालयाने एप्रिल २००८ मध्ये नोंदवलं. अर्ज करणाऱ्यांचा दावा फेटाळला, तरी निकालपत्रात ते लिहिलं.

दक्षिण सुदानमध्ये तर सगळं एका शब्दावर आलं. जुबातल्या जपानी तुकडीने आपल्या रोजनिशीत "लढाई" असं लिहिलं होतं. लढाई म्हटलं की युद्धबंदी मोडली, युद्धबंदी मोडली की परत यायला हवं. सरकार "सशस्त्र चकमक" म्हणत राहिलं. रोजनिशी नष्ट केल्याचं सांगितलं गेलं, नंतर ती सापडली. मे २०१७ पर्यंत तुकडी परत आली होती, जुलैत संरक्षणमंत्र्यांनी राजीनामा दिला. तिथल्या मातीत उभ्या असलेल्या सैनिकाने जे पाहिलं ते लिहिलं. मला त्या रोजनिशी लिहिणाऱ्याबद्दल फार आदर वाटतो.

प्रतिसाद (निवृत्त सैन्य विधी अधिकारी)

नकाराचा प्रश्न माझा. दोन प्रकरणं सांगतो, उत्तरं दोन दिशांना जातात.

१९९५ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या तळावर अमेरिकी बटालियन मॅसिडोनियाच्या मोहिमेवर निघायच्या तयारीत होती. सगळे निळी टोपी आणि दंडावर संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह लावून रांगेत उभे. एक तरुण वैद्यकीय सैनिक मात्र आपल्या नेहमीच्या गणवेशात उभा राहिला. म्हणाला, मी माझ्या देशाच्या घटनेची शपथ घेतली आहे. त्याच्या वकिलांचा मुद्दा पोकळ नव्हता. अमेरिकेच्या १९४५ च्या संयुक्त राष्ट्र सहभाग कायद्यात कलम ४३ खालचा करार काँग्रेसने मंजूर केला पाहिजे असं आहे. त्यात नंतर घातलेल्या सातव्या कलमात निरीक्षक, पहारेकरी किंवा बिगरलढाऊ कामासाठी एका वेळी फार तर १,००० माणसं देता येतात. मग ही तैनाती कशात बसते? कोर्ट मार्शलने त्यात शिरायला नकार दिला. तैनाती योग्य की अयोग्य हा राजकीय प्रश्न, गणवेशाचा हुकूम कायदेशीर. त्याला वाईट वर्तणुकीचा शेरा मारून काढलं आणि २००१ मध्ये वरच्या लष्करी न्यायालयानेही ते कायम केलं.

जर्मनीत २००३ मध्ये एका मेजरने एका सॉफ्टवेअर प्रकल्पावर काम करायला नकार दिला. आपल्या कामाचा हातभार इराक युद्धाला लागेल असं त्याला वाटत होतं. त्याचा हुद्दा उतरवला, पण २१ जून २००५ ला संघीय प्रशासकीय न्यायालयाने सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यावर त्याला निर्दोष ठरवलं.

मी स्वतः जवानांना काय सांगायचो? तैनातीच्या वैधतेचा वाद तुमच्या खांद्यावर घेऊ नका, तो संसदेचा आणि न्यायालयाचा. पण समोरच्या निःशस्त्र माणसावर गोळी झाड असा हुकूम आला तर तो कोणत्याही देशाच्या अधिकाऱ्याने दिलेला असो, पाळायचा नाही. मोहिमेवर प्रत्येकाच्या वरच्या खिशात रूल्स ऑफ एंगेजमेंटचं, म्हणजे बळ वापरण्याच्या नियमांचं, कार्ड असतं, पत्त्यापेक्षा जरा मोठं. आधी हाक द्या, मग इशारा, बळ लागेल तेवढंच. घामाने त्याच्या कडा मऊ होतात. मी ते बाहेर काढायला लावून पाठ म्हणून घ्यायचो.

आता तुझ्या मूटकडे येतो. नाक्यावर माणसं मेली, जबाबदार कोण? याचेही दोन रस्ते आहेत. मार्च २००० मध्ये कोसोवोत मुलं खेळत असताना न फुटलेला क्लस्टर बॉम्ब फुटला. एक मुलगा गेला, एकाची दृष्टी गेली. तो भाग फ्रेंच तुकडीकडे होता. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मे २००७ मध्ये सांगितलं की हे कृत्य संयुक्त राष्ट्रांच्या खात्यावर जातं, म्हणून आम्ही ऐकू शकत नाही. संयुक्त राष्ट्रांवर तर दावाच लागत नाही, त्यांना संरक्षण आहे. त्या बापाने मग जायचं कुठे?

दुसरा रस्ता बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साचा. जुलै १९९५, डच बटालियन निळ्या टोपीत. शहर बोस्नियन सर्ब सैन्याच्या हाती पडलं, लोक डच तळाच्या आवारात शिरले होते, आणि तिथून पुरुषांना बाहेर जायला लावलं. बाहेर मृत्यू उभा होता. बटालियनसाठी काम करणाऱ्या एका दुभाषाचे वडील आणि भाऊ त्यात गेले. डच सरकार म्हणालं, सैन्य संयुक्त राष्ट्रांच्या हाताखाली होतं. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१३ ला ते मानलं नाही. शहर पडल्यावर लोकांना हलवण्याचे निर्णय हेगमधून, म्हणजे डच सरकारकडूनही, होत होते, म्हणजे त्या तासांत त्या माणसांवर परिणामकारक ताबा नेदरलँड्सचाही होता. पुढे २०१९ मध्ये आवारातल्या सुमारे ३५० पुरुषांच्या बाबतीत सरकारवर दहा टक्के जबाबदारी ठेवली, कारण ते आत राहिले असते तरी वाचण्याची शक्यता न्यायालयाने तेवढीच धरली. त्या पुरुषांच्या आयांना हा आकडा ऐकताना काय वाटलं असेल, ते मला सांगता येणार नाही.

तेव्हा संसदेला विचारलं का, हा एक प्रश्न आणि माणसं मेली तेव्हा दोरी कोणाच्या हातात होती, हा वेगळा. तू दोन्ही एकत्र मांडलेस असं मला वाटतं. प्रकरणाचे कागद परत काढ. ठराव बघ, सामंजस्य करार बघ, त्याला जोडलेली कॅव्हिएटची यादी आहे का बघ. आणि घटनाक्रमात गोळीबाराच्या आधीचे दोन-तीन तास नीट वाच. त्या वेळात राजधानीशी बोलणं झालं होतं का?

प्रतिसाद (कायद्याची विद्यार्थिनी)

सर, आत्ताच कागद काढून बसले. परिच्छेद १७: "ब्रिगेड मुख्यालयाने दुपारी चारला नाका उठवण्यास सांगितले. बटालियन कमांडरने आपल्या संरक्षण मंत्रालयाशी फोनवर बोलून नाका रात्रीपर्यंत चालू ठेवला." गोळीबार सहा वाजून दहा मिनिटांनी झाला.

स्पर्धेच्या आधी मी हा परिच्छेद चार वेळा वाचला होता आणि पुढे गेले होते. दोन्ही बाजूंच्या एकाही वकिलाने तो पीठापुढे वाचला नाही.